नव्या टूरिंग गाडीचं ऑइल सारखं कमी होतं आणि सीटवर तासभर बसवत नाही: आधी मोजा, मग बदला

नवी टूरिंग गाडी, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, आली की पहिल्या दोनेक हजार किलोमीटरांत दोन तक्रारी हटकून निघतात. दर चार-पाचशे किलोमीटरला ऑइलची पातळी खाली गेलेली दिसते, भरलं की काही दिवस ठीक, मग पुन्हा तेच. आणि तासभर चालवली की बूड ठणकायला लागतं. जेलची गादी टाकून झाली, वरून मऊ कव्हर चढवून झालं, तरी फरक चार दिवसांपलीकडे टिकत नाही. या दोन्ही तक्रारी परत परत येतात त्यामागे बहुतेक वेळा एकच चूक असते. नेमकं काय होतंय हे मोजायच्या आधीच काहीतरी बदललेलं असतं. ऑइल भलत्या वेळी पाहून ओतलेलं असतं, सीट कुठे टोचते हे न तपासता मऊ केलेली असते. मग मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर उपायाचा दोष चढतो.

आधी ऑइल घेऊ, कारण तिथली चूक इंजिनावर निघते.

पातळी खरंच खाली जातेय का?

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. ऑइलची काचेची खिडकी बऱ्याच गाड्यांत उजव्या बाजूला असते, त्यामुळे कललेल्या गाडीत ती रिकामी दिसते आणि माणूस घाबरून पाव लिटर ओततो. गाडी सरळ उभी असल्याशिवाय खिडकीकडे किंवा डिपस्टिककडे (ऑइल मोजायच्या पट्टीकडे) पाहूच नका. सेंटर स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाला हँडल धरायला सांगा आणि तुम्ही खाली बसून डोळे खिडकीच्या रेषेत आणा. वरून वाकून पाहिलं तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो.

बहुतेक गाड्यांत ऑइल इंजिनाच्या तळातच साठतं. अशा गाडीत दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन नीट तापवा, सपाट जागी बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग पाहा. थांबायची नेमकी वेळ मॅन्युअलमध्ये असते, तीच धरा. बंद केल्या केल्या पाहिलं तर बरंच ऑइल अजून सिलिंडर हेडमध्ये आणि क्लचच्या बाजूला अडकलेलं असतं, पातळी कमी दिसते. रात्रभर उभ्या गाडीत ते सगळं खाली उतरलेलं असतं, पातळी वेगळी दिसते. एक दिवस गरम, एक दिवस थंड असं पाहिलं की काहीही न घडता ऑइल ‘कमी’ होतं आणि ‘वाढतं’.

ज्या इंजिनांत ऑइलची टाकी वेगळी असते, तिथे उलट आहे. गाडी उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत तळात उतरतं. सकाळी थंड गाडीची टाकी रिकामी दिसते, पण ऑइल कुठेही गेलेलं नसतं. अशी गाडी तापवून, बंद केल्यावर लगेच, मॅन्युअल सांगेल त्या वेळेत तपासायची असते. सकाळी पाहून भरलेलं ऑइल इंजिन चालू झाल्यावर टाकीच्या तोंडापर्यंत येतं.

डिपस्टिकला आटे असतील तर मोजताना ती फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. मॅन्युअलमध्ये याला एक ओळ आणि एक चित्र असतं, ते शोधा. आट्यांची उंची दहा-बारा मिलिमीटर धरली तर या एका गोष्टीने पूर्ण मोजमाप कमीत कमी आणि जास्तीत जास्त पातळीच्या दोन खुणांच्या बाहेर जातं.

जास्त भरलेलं ऑइल स्वतःच बाहेर पडतं

तक्रार परत परत येण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे, म्हणून ते सविस्तर.

पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक आणि गिअर ऑइल घुसळायला लागतात. त्याचा फेस होतो, इंजिन थोडं जड चालतं, तापतं. पिस्टनखालची हवा ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जात असते, ती जाताना हे फेसाळलेलं ऑइल सोबत नेते. डब्याच्या तळाला बोटभर लांबीची, टोकाला बूच असलेली पारदर्शक नळी असते. ती पाहा. तिच्यात काकवीसारखा काळपट घट्ट द्रव साठलेला दिसला तर तुमचं ‘कमी झालेलं’ ऑइल तिथे आहे. नळीखाली फडकं धरा, बूच काढा, रिकामी करा, बूच परत बसवा. कागदी फिल्टर ऑइलने भिजला असेल तर तो बदलावाच लागतो, धुऊन उपयोग नाही.

आता चक्र कसं फिरतं ते बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलं. जादाचं ऑइल दोन-तीनशे किलोमीटरांत ब्रीदरने बाहेर टाकलं. पातळी दोन खुणांच्या मध्ये येऊन थांबली, जिथे इंजिनाला काहीच अडचण नव्हती. मालकाने ती ‘खाली गेली’ म्हणून पुन्हा काठोकाठ भरली. पुन्हा बाहेर पडली. अशी गाडी ऑइल खात नसते, तिला पाजलं जात असतं. दोन खुणांच्या मध्ये असलेली पातळी ही बरोबर पातळी आहे. वरच्या खुणेपर्यंत भरण्याची गरज नाही, आणि खालच्या खुणेच्या वर आहे तोवर घाईही नाही.

पहिल्या सर्व्हिसनंतर पातळी जास्त असण्याचं आणखी एक ठरलेलं कारण आहे. मॅन्युअलमध्ये ऑइलचे तीन आकडे असतात: फक्त ऑइल बदललं तर किती, फिल्टरसकट बदललं तर किती, आणि इंजिन पूर्ण उघडून जोडलं तर किती. समजा ते २.३, २.५ आणि ३.० लिटर आहेत. ऑइल काढलं तरी काही भाग आतल्या नळ्यांत आणि खाचांत राहतोच, म्हणून पहिले दोन आकडे कमी असतात. तिसरा आकडा पाहून तीन लिटर ओतले की गाडी अर्धा लिटर जास्त घेऊन बाहेर पडते. सर्व्हिसनंतर लगेच, त्याच दिवशी पातळी स्वतः तपासा. जास्त असेल तर चहाच्या कपाइतकं ऑइल भरायच्या तोंडातून मोठ्या सिरिंजने आणि पातळ नळीने ओढून काढता येतं.

उलटा प्रकार: पातळी वाढते, मग एकदम घसरते

नवी गाडी महिनाभर फक्त जवळच्या चकरांना वापरली आणि मग पहिल्या लांबच्या प्रवासाला काढली, की पाचशे किलोमीटरांत ऑइल एकदम उतरलेलं दिसतं. छोट्या चकरांत इंजिन पूर्ण तापत नाही. थोडं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, वाफेचं पाणीही मिसळतं. जळालेल्या ऑइलची जागा मिसळलेलं पेट्रोल भरून काढतं आणि पातळी स्थिर किंवा किंचित जास्त दिसते. लांबच्या प्रवासात ऑइल तीन-चार तास पूर्ण तापलं की पेट्रोल आणि पाणी उडून जातं आणि खरी पातळी उघडी पडते. डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास स्पष्ट येत असेल तर ते ऑइल पातळ झालेलं आहे, किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता बदला.

भरायच्या बुचाला आतून पिवळसर दुधाळ थर दिसतो, तोही याच पाण्याचा. लांब फेरीनंतर तो नाहीसा झाला तर विषय संपला. पण गाडी पाण्याने थंड होणारी असेल, कूलंटही कमी होत असेल आणि ऑइल सगळंच दुधाळ दिसत असेल, तर वॉटर पंपाचा सील किंवा हेड गॅस्केट गेलं आहे. तशी गाडी चालू करू नका, उचलून न्या.

वही आणि शंभर मिलीचं माप

सलग हजार किलोमीटर नोंद ठेवा. दर २५० किलोमीटरला, त्याच पद्धतीने, त्याच जागी पातळी पाहायची. भरलं तर मापाने भरायचं, एका वेळी १०० मिली, आणि किती मिलिमीटर चढलं ते लिहायचं. दोन खुणांमधलं ऑइल किती मिली आहे हे त्यावरून कळतं. ‘बोटभर कमी झालं’ यापेक्षा ‘१००० किलोमीटरला १८० मिली लागलं’ या वाक्याला वर्कशॉपमध्ये वजन आहे. कंपनीने किती खप मान्य केला आहे हे मॅन्युअलमध्ये असतं आणि तो आकडा बऱ्याचदा ऐकणाऱ्याला धक्का बसेल इतका सैल असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टन-सिलिंडरमधली फट थोडी जास्त ठेवावी लागते, तिथे थोडा खप राहणारच. बघायचं ते इतकंच की पहिल्या हजारापेक्षा दुसऱ्या हजारात खप कमी झाला का. होत असेल तर रिंगा बसत आहेत.

खप खरा निघाला तर पुढचा प्रश्न, जातं कुठे? गाडीखाली रात्री कोरा पुठ्ठा पसरा, सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. डाग नसेल आणि एअर फिल्टरची नळी कोरडी असेल तर ते जळतंय. धूर पाहायला मागे दुसरी गाडी हवी. थंड इंजिन चालू केल्यावर क्षणभर निळा धूर आणि मग साफ, तर व्हॉल्व्हचे सील. उतारावर रेस पूर्ण सोडून इंजिनावर गाडी उतरवली आणि खाली आल्यावर रेस दिल्यावर निळा लोट आला, तरी संशय आधी व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर. चढावर भार घेताना सतत निळा धूर, तर रिंगा. थंडीत सकाळी पांढरी वाफ दिसते आणि पाच मिनिटांत जाते, ती पाण्याची वाफ आहे, तिला घाबरू नका.

रनिंग-इन (नवं इंजिन मुरवणं): हळू चालवण्यानेही बिघडतं

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून काढलेल्या, बारीक तिरप्या रेघा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या रेघांची टोकं आणि रिंगेची कड एकमेकांवर घासून जुळतात, त्याला रिंगा बसणं म्हणतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे भार नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर घासणं नाही. सतत अलगद रेस देऊन, एकाच वेगाने हजार किलोमीटर काढले की रिंगा जुळत नाहीत. त्यांच्या बाजूने वर आलेलं ऑइल भिंतीवर भाजून गुळगुळीत थर बनतो, रेघा बुजतात, आणि मग ऑइल खाणं कायमचं होतं. तो थर चालवून जात नाही. सिलिंडर काढून पुन्हा होनिंग करावं लागतं किंवा सिलिंडरच बदलावा लागतो.

म्हणून मॅन्युअलमधला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) आकडा ही वरची मर्यादा समजा. तिच्या आत राहून रेस वरखाली करत राहा. मॅन्युअल गप्प असेल आणि लाल रेघ ९००० वर असेल तर पहिले ५०० किलोमीटर ४५०० आरपीएमपर्यंत, हजार किलोमीटरपर्यंत ६००० आरपीएमपर्यंत, पुढे १६०० किलोमीटरपर्यंत हळूहळू वर, असं ठेवलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २५०० वरून निम्मी-पाऊण रेस देऊन ४५०० पर्यंत न्या, मग रेस पूर्ण सोडून इंजिनावरच वेग उतरू द्या. रेस सोडल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, भिंतीवर ऑइल येतं आणि घासलेली बारीक धातूची भुकटी धुऊन जाते. असं आठ-दहा वेळा करा, मग पाच-दहा मिनिटं साधं चालवा. वळणावळणाचा, चढउताराचा रस्ता यासाठी सरळ हायवेपेक्षा कितीतरी बरा. क्रूझ कंट्रोल असेल तर पहिले हजार किलोमीटर ते विसरून जा.

सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पूर्ण रेस देऊन गाडी ओढायला लावणं. ऑइल पंप इंजिनाच्याच वेगाने फिरतो, त्यामुळे तेव्हा ऑइलचा दाब कमी आणि पिस्टनवरचा भार जास्त, अशी जोडी जुळते. इंजिन थरथरत ओढत असेल तर गिअर खाली घ्या. उभ्या गाडीत दहा मिनिटं तापवणंही टाळा. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या हाताने.

नव्या टायरना पहिले १५०-२०० किलोमीटर पकड कमी असते आणि ब्रेक पॅडही अजून डिस्कशी जुळलेले नसतात, म्हणून इंजिनाचा हा सराव वळणात झुकवून किंवा अचानक ब्रेक मारून करू नका. चेन पहिल्या ५०० किलोमीटरांत सैल पडतेच, ती सर्वात ताणलेल्या जागी मोजून मगच ओढा.

पहिलं ऑइल बदलताना

पहिला बदल मॅन्युअल सांगेल तेव्हा, बहुधा ५०० ते १००० किलोमीटरदरम्यान, आणि तो पुढे ढकलू नका. धातूची भुकटी सर्वात जास्त याच ऑइलमध्ये असते. इंजिन कोमट असताना, गाडी सरळ उभी करून ड्रेन नट काढा. त्याच्या लोहचुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ठीक आहे, ती घासलेली भुकटी आहे. बोटांत चोळून पाहा. चकत्या, टोचणारे कण किंवा वाकडे तुकडे लागले तर ते पुसून टाकू नका, डबीत ठेवा आणि दाखवा.

ड्रेन नटचा वॉशर नवा घाला. नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, बऱ्याच गाड्यांत तो २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आत असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर जोर लावून आवळलेला नट पुढच्या सर्व्हिसला आट्यांसकट बाहेर येतो. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे हात फिरवून पाहा. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर दोन रबरं एकावर एक येतात आणि तापल्यावर तिथून ऑइलची धार लागते. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा. फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा, त्यावर छापलेलं असेल तर तेवढाच.

फिल्टरसकटचा आकडा पाहा, त्यापेक्षा २०० मिली कमी ओता, इंजिन दोन मिनिटं रेस न देता चालवा, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो ना ते पाहा, बंद करून थांबा आणि मग उरलेलं मापाने भरा.

कोणतं ऑइल, आणि क्लच का घसरतो

‘इंजिन एकदम फिरतं पण गाडी पळत नाही’ ही तक्रार ऑइल बदलल्यानंतर लगेच आली तर डबा शोधा. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि तेच क्लच प्लेटना घसरवतात. डब्यावर जासो (जपानी वाहन मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. जासोची ही टी९०३ पद्धत १९९८ पासून आहे, एमए१ आणि एमए२ हे भाग २००६ मध्ये आले. एमए२ मध्ये क्लचची पकड वरच्या पातळीची असते. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी, ते घेऊ नका. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असा शिक्का असेल तर डबा परत ठेवा.

ऑइलवर संशय घेण्याआधी क्लचचा लिव्हर पाहा. केबलच्या क्लचमध्ये लिव्हरच्या टोकाशी दहा-पंधरा मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. ती शून्य असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगल्या ऑइलमध्येही घसरतो. नवी केबल बसते तशी ही हालचाल वाढत जाते. मग क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खडखडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. अशा वेळी गिअरबॉक्सला दोष दिला जातो, पण केबलचा नट दोन फेरे फिरवला की काम होतं.

ग्रेड मॅन्युअलमधलाच ठेवा. १०डब्ल्यू-४० मधला ४० म्हणजे १०० अंश सेल्सियसला ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल गिअरच्या दातांतूनही जातं. दात ऑइलमधल्या, दाटपणा टिकवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात आणि ४० चं ऑइल हळूहळू ३० च्या जवळ येतं. अडीच-तीन हजार किलोमीटरनंतर गिअर कडक पडायला लागले तर हे कारण आधी धरा. रनिंग-इनमध्ये सिंथेटिक चालत नाही, ही भीती सरसकट खरी नाही. बऱ्याच गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात. वरून कोणतंही ‘अ‍ॅडिटिव्ह’ मात्र ओतू नका. रिंगांना घासायचं आहे आणि क्लचला धरायचं आहे, दोघांच्याही ते मुळावर येतं.

सीट: दुखतं नेमकं कुठे

‘सीट बेकार आहे’ यावरून काहीच ठरवता येत नाही. जागा आणि वेळ लिहा. कोणत्या ठिकाणी, किती मिनिटांनी.

बुडाच्या दोन हाडांवर पाऊण-एक तासाने ठणका लागला तर फोम तळाला लागतोय किंवा फारच कडक आहे. माकडहाडावर दुखत असेल तर तुम्ही कंबर मागे टाकून बसता, बहुधा हँडल दूर आहे. मांड्यांच्या आतल्या बाजूला कड टोचते तर सीट पुढे रुंद आहे. आणि पुढे, जांघेत बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर तुम्ही टाकीकडे घसरत आहात आणि वजन हाडांऐवजी मऊ भागावर येतंय. बधिरपणा आला की गाडी थांबवा, तो सहन करायचा त्रास नव्हे, नस दाबली जातेय.

हाडांमधलं अंतर घरी मोजता येतं. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर ताठ बसा, गुडघे किंचित वर घ्या, मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. उजेड तिरका धरला की स्पष्ट दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, बहुतेकांचं १०० ते १४० मिलिमीटरच्या आसपास भरतं. आता सीटवर खडूने तेवढंच अंतर घेऊन दोन खुणा करा, जिथे तुम्ही खरोखर बसता तिथे, जिथे बसायला हवं तिथे नव्हे. खुणा सपाट भागावर पडल्या तर रुंदी ठीक आहे. उतरत्या कडेवर पडल्या तर हाडांना आधारच नाही. पाय टेकावेत म्हणून पुढे सरकून बसणाऱ्यांचं हेच होतं. मागे भरपूर रुंद सीट असते, पण ते बसतात पुढच्या अरुंद भागावर.

फोम कापण्याआधी सस्पेन्शन

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, दोन माणसं आणि सामानासाठी चढवून ठेवलेला असतो आणि मग एकट्याने चालवलं जातं. गाडीचा मागचा भाग उंच राहतो, सीट पुढे उतरते, प्रत्येक खड्डा सरळ पाठीच्या कण्यात येतो. लोक फोमला दोष देतात. मोजायची पद्धत अशी: सेंटर स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर टेपने खूण केलेल्या बिंदूपर्यंत अंतर घ्या. मग स्टँड काढून, रायडिंगच्या कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा, हँडल कोणीतरी धरायला हवं, आणि तेच अंतर पुन्हा घ्या. फरक चाकाच्या एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. चाल १३० मिलिमीटर असेल तर ४० च्या जवळ. फरक २० च भरला तर प्रीलोड उतरवा, ६० भरला तर चढवा. सामान लादल्यावर पुन्हा मोजा.

त्यानंतर हँडल. कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. २०-३० मिलिमीटरचे रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावून हँडल जवळ आलं की माकडहाडाचं दुखणं बरेचदा थांबतं. रायझर लावल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि केबल ताणल्या जात नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका.

पुढे घसरणं उरलं असेल तर सीटच्या पुढच्या आधाराखाली पाच-सहा मिलिमीटरचा रबराचा तुकडा देऊन पाहा. पुढचा हूक पूर्ण अडकतो आणि मागचं लॉक खटकन बसतं, याची खात्री करा. नसेल बसत तर तुकडा पातळ करा.

मऊ गादीने दुखणं का वाढतं

मऊ फोमवर पाच मिनिटं बसलं की छान वाटतं. वीस मिनिटांत हाडांखालचा फोम पूर्ण दबतो आणि हाडं तळाच्या प्लास्टिकवर टेकतात. सगळा भार दोन छोट्या जागांवर येतो. तपासायला सीट काढून जमिनीवर ठेवा आणि खडूच्या खुणेवर गुडघा टेकवून अंगाचा पूर्ण भार द्या. खालचं प्लास्टिक टणक लागलं तर फोम अपुरा आहे आणि त्यावर आणखी मऊ कव्हर चढवून काही साधणार नाही. फोमचं वजन आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड फोम टिकतो, कडक फोम भार पसरवतो. हवा आहे जड आणि मध्यम कडक.

जेल स्वतः दबत नाही, नुसतं बाजूला सरकतं, आणि उन्हात उभ्या गाडीत तव्यासारखं तापतं. वापरायचंच तर वर दहा-बारा मिलिमीटर फोम हवा. हवेच्या गादीत सगळ्यांची चूक एकच, हवा जास्त. गादी फुगवा, तिच्यावर बसा, मग हवा सोडत राहा. हाडं सीटपासून जेमतेम बोटभर वर राहिली की बूच लावा. त्याहून फुगलेली गादी वळणात डुलते. जीन्सची जाड शिवण आणि घामाने ओला सुती कपडा हे निम्मं दुखणं असतं. बिनशिवणीची चड्डी आधी वापरून पाहा, सीटला हात लावण्याआधी.

शेवटचा उपाय, फोम बदलणं

पहिल्या दीड हजार किलोमीटरांत कंपनीचा फोम थोडा बसतो आणि तुमचं अंगही सरावतं, त्याआधी कात्री लावू नका. कापायचीच वेळ आली तर मूळ सीट शक्य असल्यास बाजूला ठेवून दुसऱ्या सीटवर काम करा. खुणांच्या जागी खळगा करून तळाला २०-२५ मिलिमीटरचा दाबलेल्या तुकड्यांचा जड फोम आणि त्यावर १०-१२ मिलिमीटरचा मऊ थर. जोड पॉलिश पेपरने, ४०-६० नंबरच्या, इतका सपाट करा की डोळे मिटून हात फिरवला तर कड लागू नये. राहिलेली कड रेक्झिनमधूनही तासाभरात जाणवते. चिकटवायला दोन्ही बाजूंना पातळ सोल्यूशन, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या आणि मग एकदाच दाबा. ओलं असताना जोडलं तर कडक गाठी बनतात.

उंची वाढली की पाय टेकणं कमी होतं, म्हणून खळगा जितका खोल तितकाच थर द्या. रेक्झिन चढवण्याआधी फोमवर पातळ प्लास्टिक घाला, शिवणीतून पाणी शिरलं की फोम दोन दिवस वाळत नाही. रेक्झिन पुढून मागे ओढा, मग बाजू, सुरकुती राहणार नाही असं. स्टेपल सहा मिलिमीटरच्या, स्टेनलेस. तळाचं प्लास्टिक साधारण तीन मिलिमीटर असतं, लांब पिन त्यातून आरपार जाते आणि वर फोममध्ये टोक काढते. सगळ्या पिना मारून झाल्यावर सीट उलटी धरून वरून सगळीकडे तळहात दाबत फिरवा. एकही टोक लागलं तर ती पिन उपटा आणि नवी मारा, मगच सीट गाडीवर चढवा.